भर पावसातली मावशी

"आमच्या वाडीतले आहेत," असं मी म्हटलं.

तीन शब्दांचं वाक्य. त्यात खोटं असं काही नव्हतं. तरी गेल्या पावसाळ्यातलं काहीही आठवायला बसले की आधी ते वाक्य आठवतं, म्हणून लिहायलाही तिथूनच सुरुवात करते.

आमच्या कॉलेजात स्वयंसेवकांचा एक गट आहे. मी त्यात पहिल्या वर्षापासून आहे, पण बोलते कमी. जुलैमध्ये वरच्या तालुक्यात नदीला पूर आला आणि काठावरच्या एका वाडीत पाणी घुसलं. माणसं देवळाच्या टेकाडावर चढली म्हणून वाचली. पाणी ओसरल्यावर आम्ही तीसेक मुलंमुली सरांबरोबर तिथे गेलो. दोन दिवस शाळेतला गाळ काढला, एक विहीर उपसली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका घराच्या ओट्यावर डबे उघडून बसलो होतो. घरातली काकी माझ्या आईच्या वयाची असेल. भिंतीवर छातीच्या उंचीपर्यंत चिखलाची रेघ होती आणि ती त्या रेघेला टेकून उभी होती. आमच्यातल्या एका मैत्रिणीने वही काढून विचारलं, काकी, तुम्हाला आणखी कशाची गरज आहे, आम्ही यादी करतोय.

काकीने समोरच्या शेताकडे हात केला. "तांदूळ आला, चादरी आल्या. पण तरवा कुठनं आणू? तो काय दुकानात मिळतो?"

तरवा म्हणजे भाताची रोपं. पावसाच्या तोंडावर एका कोपऱ्यात भात पेरायचं, ते वीतभर वाढलं की उपटून जुड्या बांधायच्या आणि मग सगळ्या शेतात लावायचं. त्या वाडीतला सगळा तरवा पुराने नेला होता. आता नव्याने पेरून वाढवायचा तर लावणीचे दिवसच निघून जाणार. काकी म्हणाली, पंधरा दिवसांत लागलं तर लागलं, नाहीतर वर्षभर विकतचं खायचं. मैत्रिणीने मान हलवली आणि वहीत लिहिलं, बियाणे. मला माहीत होतं की बियाण्याचा आता काही उपयोग नाही. मी लहानपणापासून चिखलात उभी राहिले आहे. पण मी तिला सांगितलं नाही. का, ते मला आजही नीट सांगता येत नाही. ज्या गोष्टी मला घरून येतात त्या कॉलेजात बोलायच्या नसतात, असं मी कधीतरी ठरवून टाकलं होतं.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. आमची वाडी रत्नागिरीजवळच्या पावस गावाच्या वाटेवर, आत डोंगराच्या कुशीत आहे. बाबा दुसऱ्यांच्या कलमांच्या बागेत राखणीचं आणि फवारणीचं काम करतात, शिवाय थोडी आमची भातजमीन आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय म्हणून मी 'शेती' लिहिलं. बाबांना सगळी पंचक्रोशी ज्या कामासाठी ओळखते, त्याला फॉर्ममध्ये रकाना नव्हता, आणि असता तरी मी तो भरला असता का, शंका आहे.

बाबा नमनात मावशीचं काम करतात. आमच्याकडे शिमग्याच्या सुमाराला गावोगाव नमनाचे खेळ होतात. आधी देवांना वंदन, मग गवळण. मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांना अडवणारा कृष्ण, त्याचा बोबडा पेंद्या, आणि गवळणींची म्होरकी ती मावशी. मावशी नेहमी पुरुषच करतो. हिरवं नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात दह्याचं मडकं, आणि तोंड बंद म्हणून नाही. ती कृष्णाला सुनावते, पेंद्याला सुनावते, पुढे बसलेल्या सरपंचालाही सुनावते. बाबा एरवी फार कमी बोलतात. आई म्हणते, वर्षभराचं साठवून ठेवतात आणि मावशीच्या तोंडून काढतात.

तर त्या वाडीवरून परत आल्यावर वर्गात बैठक भरली. मदतीसाठी एखादा कार्यक्रम करावा असं सर म्हणत होते. कोणी गाण्यांचा सुचवला, कोणी फॅशन शो. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका मुलाने मोबाइल पुढे केला आणि म्हणाला, हे बघा, असं काहीतरी आणा. पडद्यावर बाबा होते. शिमग्यातल्या कुठल्यातरी रात्री कोणीतरी काढलेला व्हिडिओ. मावशी एका माणसाला विचारत होती की मुंबईहून आलास तो घरपट्टी भरायला की फोटो काढायला. सगळा वर्ग हसत होता. एक मुलगी म्हणाली, "कसला भारी माणूस आहे हा. कुठला असेल?"

व्हिडिओखाली आमच्या वाडीच्या नमन मंडळाचं नाव होतं. सरांनी ते वाचून माझ्याकडे पाहिलं. तू त्याच बाजूची ना, ओळखतेस का, असं त्यांनी विचारलं.

तेव्हा मी ते वाक्य बोलले, आणि नंबर दिला. नंबर तर मला पाठच होता.

सरांचा फोन त्याच संध्याकाळी आला. बाबा पडवीत बसून कोयतीला धार लावत होते, मी शेजारी तांदूळ निवडत होते. आमच्याकडे रेंज धड नसते, म्हणून बाबा फोन कानापासून लांब, आवाज मोठा करून धरतात. त्यामुळे सरांचं बोलणं मला सगळं ऐकू येत होतं. पूर, वाडी, मदत, रत्नागिरीतल्या एका शाळेचा हॉल, पुढच्याच्या पुढचा रविवार. मग सर म्हणाले, तुमच्या वाडीतलीच आमची एक विद्यार्थिनी आहे, तिनेच तुमचा नंबर दिला.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटात खडा शोधत राहिले.

"व्हय, व्हय," बाबा म्हणाले. "वळखतो तिला. हुशार पोर हाय."

फोन ठेवल्यावर त्यांनी काही विचारलं नाही. पुन्हा धार लावायला लागले. मी आपणहून त्या काकीबद्दल, वाहून गेलेल्या तरव्याबद्दल सांगितलं. भिंतीवरच्या रेघेबद्दलही. बाबा ऐकत होते. सगळं ऐकून एवढंच म्हणाले की आपल्याकडे लावणी संपल्यावर बराच तरवा उरलाय, गुरांना घालावा लागणार.

मंडळाला मात्र हा कार्यक्रम एवढा सोपा नव्हता. शिमगा सरला की नमनाचं सामान पेटीत जातं. मृदंग फडक्यात गुंडाळून माळ्यावर जातो. पावसाळ्यात कोणी नमन करत नाही. आमचे गावकर, म्हणजे देवळात सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलण्याचा मान ज्यांच्याकडे आहे ते म्हातारे गृहस्थ, म्हणाले की आधी देवाला विचारावं लागेल. म्हणून एका सकाळी सगळे देवळात जमले आणि गावकरांनी गाऱ्हाणं घातलं.

ज्यांनी गाऱ्हाणं ऐकलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. गावकर देवासमोर उभे राहतात आणि एका लयीत, न थांबता देवाला सगळं सांगतात. कोण जमलंय, कशासाठी जमलंय, काय चुकलं असेल, काय हवं आहे. प्रत्येक वाक्य संपलं की मागे उभे असलेले सगळे एका आवाजात 'व्हय महाराजा' म्हणतात. ते कोणी शिकवत नाही. गावकरांचा सूर खाली आला की तोंडातून आपोआप निघतं. आणि देवासमोर एकदा व्हय म्हटलं की ते करावं लागतं, अशी आमच्याकडे पक्की समजूत आहे. मुंबईला असणारे माझे एक काका असेच एकदा सगळ्यांबरोबर व्हय म्हणून बसले आणि गाऱ्हाणं देवळाच्या फरशीचं होतं हे त्यांना नंतर कळलं. फरशी त्यांनी बसवून दिली. अजून ते गावी येऊन ती पुसायला लागले की बायका हसतात.

देवाने परवानगी दिली असं गावकरांनी सांगितलं. त्याच संध्याकाळी माळ्यावरून मृदंग उतरला.

बाबांचा प्रश्न वेगळाच होता. मावशीसाठी ते दरवर्षी शिमग्याआधी मिशी काढतात आणि पाऊस लागेपर्यंत ती पुन्हा जागेवर येते. तेव्हा बिनमिशीचे बाबा दिसले की लोकांना कळतं, नमन आलं. पण ऐन पावसात मिशी गेलेला माणूस म्हणजे आमच्याकडे एकच अर्थ. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बाबा मिशी उतरवून पावसच्या बाजारात गेले आणि तिथे त्यांना खाडीपलीकडच्या एका दूरच्या पाहुण्यांनी पाहिलं. पाहुणे काही बोलले नाहीत, नुसता खांदा दाबला. बाबांना वाटलं, कार्यक्रमाचं कळलंय आणि पूर आलेल्यांबद्दल वाईट वाटतंय. दुपारी पाहुणे बायकोला घेऊन आमच्या घरी आले. चपला बाहेर काढल्या, मान खाली घातली आणि पडवीत शिरले. तिथे आजोबा बसले होते. चांगले सुपारी कातरत.

पाहुणे उभेच राहिले. काकूंनी डोळ्याला लावायला काढलेला पदर तसाच हातात राहिला.

"मी हाय अजून," आजोबा म्हणाले. "बसा. चा घेनार?"

त्या दिवशी आमचं घर कितीतरी वेळ हसत होतं. मीही हसले. पण रात्री पडल्यावर मी उद्याचा विचार करायला लागले. उद्या हॉलमध्ये माझा सगळा वर्ग असणार. बाबा मला बघून हाक मारतील. मग सगळ्यांना कळेल की मी मागे काय म्हणाले होते. बाबांना सांगावं का, की तिथे मला हाक मारू नका? एवढं नीच मला व्हायचं नव्हतं. आणि न सांगण्याइतकी धीटही मी नव्हते. तशीच झोपले.

कार्यक्रम दुपारी तीनला होता, कारण बाहेरगावच्या लोकांना परतीची एसटी मिळायला हवी होती. मी दारात तिकिटं बघायला उभी होते. अडीचच्या सुमाराला मंडळाचा टेम्पो आला. मृदंग प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पोरासारखा छातीशी धरलेला, पेट्या, मडकं. सगळ्यांत शेवटी बाबा उतरले, हातात आईची कापडी पिशवी, तिच्यात हिरवं नऊवारी. यादी करणारी मैत्रीण माझ्या शेजारी होती, तिने त्यांना ओळखलं. तुम्हीच ना ते मावशीवाले काका, असं तिने विचारलं.

"व्हय. मंडळाचा हाय मी," बाबा म्हणाले. मग ते माझ्याकडे वळले. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, अगदी परक्या माणसासारखे दिसत होते. "मॅडम, कपडे बदलायची खोली कुठं हाय?"

मी बोटाने दाखवली.

बाबांनी मला आयुष्यात कधी मॅडम म्हटलं नव्हतं. ते मला बाय म्हणतात. त्या फोनच्या दिवसापासून त्यांना सगळं कळलेलं होतं, आणि त्यांनी रागावण्याऐवजी मला मदत केली होती. माझं खोटं त्यांनी माझ्यासाठी सांभाळलं होतं. एखाद्या नटाने दुसऱ्याचं विसरलेलं वाक्य सांभाळावं तसं, सहज. मैत्रीण म्हणाली, किती साधे आहेत ना. मी हो म्हटलं.

कार्यक्रम सुरू झाला तो वाईटच सुरू झाला. हॉलचं छप्पर पत्र्याचं. पाऊस असा लागला की माइकमधला आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचेना. पुढे शहरातली मंडळी होती, शिक्षक, कारकून, दोन-तीन डॉक्टरांची कुटुंबं. मधल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या. मागे आमच्या बाजूच्या वाड्यांतली माणसं दाटीने बसलेली, पुढे जागा असूनही पुढे न येणारी. गवळण सुरू झाली, पेंद्याने दोन विनोद केले, ते पत्र्याखाली बुडाले. मावशी आली, मडकं सावरत तिने काहीतरी म्हटलं. कोणीच हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी घड्याळ बघितलं. मला वाटलं, हे मी घडवून आणलं. नंबर दिला नसता तर बाबा आत्ता घरी असते, मिशीसकट.

मावशीने मडकं काखेत मारलं. वर पत्र्याकडे बघितलं, पुढे माणसांकडे बघितलं. मग तिने नऊवारी गुडघ्यापर्यंत वर खोचलं आणि सरळ स्टेजवरून खाली उडी मारली. मधल्या रिकाम्या जागेत येऊन उभी राहिली.

"मावशी अंगणातली हाय," बाबा म्हणाले, माइक नसताना, आणि तो आवाज मागच्या भिंतीपर्यंत गेला. "माचीवर चढवून ठेवलीत, म्हणून मुकी झाली. उचला खुर्च्या. गोल बसा. डॉक्टर, तुमी पन. उठायला पैसे नाय घेत मी."

आधी मागची माणसं उठली. मग पुढचीही. पाच मिनिटं नुसता खुर्च्यांचा खडखडाट झाला आणि हॉलचं अंगण झालं. बाबांना एवढंच हवं होतं. देवळासमोरच्या अंगणात त्यांनी आयुष्यभर असंच काम केलं आहे, लोकांच्या गुडघ्याला गुडघा लावून. मग मावशीने पाहुण्यांची गोष्ट सुरू केली. मिशी, बाजार, दाबलेला खांदा, आणि पडवीत सुपारी कातरणारा म्हातारा. 'मी हाय अजून' आलं तेव्हा घड्याळ बघणारे गृहस्थ रुमालाने डोळे पुसत होते. पाऊस तसाच चालू होता, पण तो कोणाला ऐकू येत नव्हता.

शेवटाकडे मावशीने मडकं खाली ठेवलं, पदर कमरेला खोचला, आणि गाऱ्हाणं घालायला लागली. हे ठरलेलं नव्हतं. नमनात थट्टेचं गाऱ्हाणं कधीकधी होतं, पण त्यात देवाचं खरं बोलणं नसतं, गंमतीचे शब्द असतात. तसंच सुरू झालं. ज्याच्या घरातली लाइट गेली असेल त्याच्या घरी वायरमन पाठव. व्हय महाराजा. ज्याची एसटी चुकली असेल त्याला पुढची मिळू दे. व्हय महाराजा. शहरातली माणसंही एव्हाना म्हणायला लागली होती. माझ्या वर्गातली मुलं तर सगळ्यांत मोठ्याने.

आणि मग बाबांचा सूर बदलला. कधी बदलला ते मला कळलं नाही, कदाचित त्यांनाही नाही. शब्द गंमतीचे राहिले नाहीत. ते गावकरांचे शब्द होते, आमच्या देवळातले, देवाच्या खऱ्या नावासकट.

"वरच्या वाडीत तुझ्याच एका लेकीचा तरवा पान्यानं नेला, महाराजा. भिंतीला टेकून उभी हाय ती. ज्याच्या घरात तरवा उरला आसल, त्याला जुड्या बांधून तिच्या शेतात उभं कर. ज्याच्याकडं तरवा नाय, त्याचे दोन हात तिकडं घेऊन जा. चार दिसांच्या आत घेऊन जा."

सूर खाली आला.

"व्हय महाराजा," सगळा हॉल म्हणाला.

मग आमच्या बाजूची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. शहरातली मंडळी टाळ्या वाजवत होती, त्यांना वाटलं हा शेवट. पण मागून गावकर उठले आणि काठी टेकत मध्ये आले. ते चिडले होते. खोट्या गाऱ्हाण्यात खरं नाव घेतलंस, असं ते बाबांना म्हणाले. मावशीने मान खाली घातली. नाकातली नथ एका बाजूला आली होती. बाबा घाबरलेत हे मला दिसत होतं. त्यांनी मुद्दाम केलं नव्हतं. माझ्याकडून ऐकलेली ती काकी त्यांच्या मनात होती आणि गंमतीच्या वाटेने ती बाहेर आली होती.

गावकर लोकांकडे वळले. "चूक त्याची हाय. पन व्हय तुमी म्हनालात. आता देवाशी खोटं पडायचं नसंल तर जावं लागंल."

माझ्यासमोर बसलेले एक बँकेतले कारकून बायकोला हळूच विचारत होते, आपण पण म्हटलं का गं? ती म्हणाली, तुम्हीच तर मोठ्याने म्हटलंत.

सर पुढे आले. ते खरोखर गोंधळले होते, पण त्यांचा चेहरा उजळला होता. ते म्हणाले, मग आत्ताच नावं घेऊ या, कोण किती जुड्या आणणार, कोण येणार. पण लोकांना त्या वाडीची माहिती हवी, वाट सांगणारं कोणीतरी हवं आणि मंडळाशी बोलणारंही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुराच्या वाडीवर जाऊन आले होते आणि आमच्या वाडीतल्या मंडळालाही ओळखत होते. माइक माझ्या हातात आला.

मी इतक्या माणसांसमोर कधी बोलले नव्हते. समोर सगळा वर्ग, आणि मध्ये हिरव्या नऊवारीत बाबा, मान खाली घातलेले, अजूनही मला न ओळखणारे. मी सांगितलं की शेत रस्त्यापासून जवळ आहे, टेम्पो जातो. रोप जरा जास्त वाढलं असेल तरी चालेल, लागेल. यादीत आम्ही बियाणे लिहिलं ते चुकीचं होतं आणि ती चूक मला तेव्हाच कळली होती, हेही सांगितलं. मग थांबले. थांबूनच राहिले तर पुढचं कधीच बोलता येणार नाही असं वाटलं, म्हणून घाईने बोलून टाकलं.

"आणि हे गाऱ्हाणं ज्यांनी घातलं ते माझे बाबा आहेत. आमचा तरवा आम्ही सगळा देतोय."

मावशीने झटकन पदर डोक्यावरून तोंडावर ओढला. ही मावशीची नेहमीची लकब आहे, लाजल्याची, आणि लोक नेहमीसारखे खळखळून हसले. पदर खाली यायला पुष्कळ वेळ लागला. का, ते हॉलमध्ये दोघांनाच माहीत होतं.

नंतर माझ्या मैत्रिणीने मला एवढंच विचारलं, मग तेव्हा सांगितलं का नाहीस? मी म्हटलं, लाज वाटली. तिने दोन खुर्च्या एकावर एक ठेवल्या. मग म्हणाली की तिचे बाबा घरी अजिबात हसत नाहीत.

परतताना टेम्पोत मी बाबांच्या शेजारी बसले. त्यांनी तोंड धुतलं होतं, कानामागे पावडर राहिली होती. पावस जवळ आल्यावर त्यांनी विचारलं, "मॅडम, पानी हाय काय पिशवीत?" मी बाटली दिली. ते हसत होते. मी रडले ते बहुतेक तेव्हाच.

मंगळवारी सकाळी आम्ही गेलो. किती माणसं आली ते मी मोजलं नाही, पण शाळेसमोर गाड्या लावायला जागा उरली नाही. दोन टेम्पो भरून जुड्या होत्या, हिरव्या, मुळांना चिखल लागलेल्या. रविवारी जमलेले पैसे सरांनी वाडीतल्या लोकांच्या हवाली केले होते, त्यातून शाळेचं सामान येणार होतं. पण त्या दिवशी पैशांबद्दल कोणी बोललंही नाही. बँकेतले कारकून पँट दुमडून चिखलात उतरले, आणि वीस वर्षांनी लावतोय असं प्रत्येकाला सांगत होते. त्यांची ओळ सरळ होती. माझ्या वर्गातल्या मुलांच्या ओळी सापासारख्या जात होत्या आणि वाडीतल्या बायका मागून येऊन त्या गुपचूप सरळ करत होत्या. मी मैत्रिणीला दाखवलं, अंगठा कसा धरायचा, रोप किती खोल जायला हवं. बोलता बोलता माझा हेल घरचा झाला. तिने तो ऐकला आणि एकदाही हसली नाही. किंवा हसली असेल, मी चिखलाकडे बघत होते.

बाबा काकीच्याच शेतात होते. आमचा तरवा तिथेच लागत होता. काकी बांधावरून जुड्या फेकत होती आणि मध्येच तिचं लक्ष बाबांच्या तोंडाकडे गेलं. ती थांबली, हातातली जुडी खाली घेतली. तिला मावशीचं काही माहीत नव्हतं.

"भाऊ," ती हळू आवाजात म्हणाली, "कोन गेलं हो तुमच्यातलं?"

बाबांनी कंबर सरळ केली, चिखलाच्या हाताने वरच्या ओठावरून बोट फिरवलं. आता तिथे चिखलाची मिशी उमटली होती.

"कोन नाय गेलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे बोट केलं. "ही माझी मुलगी. ती सांगंल तुमाला."

मी बांधावर चढले, काकीशेजारी बसले आणि सगळं पहिल्यापासून सांगायला लागले.